आधी गज धरा

बळवंत हिवराळे यांच्याबद्दल लिहायचं तर आधी माझी चूक लिहायला हवी. ती लिहिल्याशिवाय बाकीचं काही माझ्या हातून पुढे सरकत नाही, चार वेळा प्रयत्न करून पाहिला. दोन वर्षांपूर्वी भांडुपच्या टेंभीपाड्यातल्या आमच्या बुद्धविहारात नायलॉनचं कार्पेट मी आणलं. मी म्हणजे तायडे बाई. महापालिकेच्या शाळेतून निवृत्त झालेली, विहाराच्या महिला मंडळाची अध्यक्षा, आणि सगळ्यांच्या मते जरा जास्तच तोंडाळ. बळवंतरावांनी मला कार्पेट नको म्हणून सांगितलं होतं. मी ऐकलं नाही.

आता त्यांच्याबद्दल.

बळवंतराव घरगुती ॲम्प्लिफायर, टेप, होम थिएटर असलं सगळं दुरुस्त करायचे. मूळचे बुलढाण्याकडचे, मेहकर तालुक्यातले. एकोणिसाव्या वर्षी मुंबईला आले आणि कांजूरच्या एका कारखान्यात लागले. तिथे ॲम्प्लिफायर जोडायचं काम होतं. कामाला बसताना प्रत्येकाच्या मनगटाला एक पट्टा असायचा, पट्ट्याला वायर, आणि वायर थेट जमिनीत गेलेली. माणसाच्या अंगावर साचलेली वीज त्या वायरीतून निघून जावी आणि हातातला नाजूक भाग मरू नये म्हणून. कारखाना बंद पडला तेव्हा पट्टा तिथेच राहिला, पण सवय काही सुटली नाही. पुढे त्यांनी जिन्याखालच्या जागेत दुकान टाकलं आणि लोकांच्या घरी जाऊन दुरुस्त्या करू लागले. मनगटाला पट्टा नाही, तर त्यांनी खिडकीचे गज पकडले.

कुणाच्याही घरी गेले की त्यांचा क्रम ठरलेला. चपला दाराबाहेर. मोजेही काढायचे. मग यंत्राकडे न बघता सरळ खिडकीपाशी जायचं, लोखंडी गज मुठीत धरून क्षणभर उभं राहायचं आणि मगच यंत्राला हात लावायचा. घरातलं कोणी मध्ये हात घालू लागलं की म्हणायचे, "आधी गज धरा." लहान पोरंटोरं तर त्यांना गजवाले काका म्हणूनच ओळखायची. त्यांना त्याचं वाईट वाटत नसे. वाईट वाटून घेण्याचा त्यांचा स्वभावच नव्हता, तो माझा आहे.

माझ्या घरचीच गोष्ट. किरणने, माझ्या मुलाने, पहिल्या मोठ्या पगारातून होम थिएटर घेतलं, त्याच झटक्यात एसी घेतला आणि सोफ्यापुढे एक केसाळ गालिचा टाकला. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी पडली की मी सोफ्यावरून उठून ॲम्प्लिफायरच्या बटणाला हात लावला रे लावला, की चट्. बोटाला असा काही चिमटा बसायचा की मी त्या डब्याला शिव्या घालायची. मला वाटलं, यंत्रात करंट उतरलाय. बळवंतरावांना बोलावलं.

त्यांनी आधी विचारलं, "बाई, एकदाच चट् होतं का हात ठेवला तर सारखं झिणझिणतं?"

"एकदाच."

"मग यंत्राचा दोष नाही. सारखं झिणझिणत असेल तर अर्थिंग गेलं समजायचं, तेव्हा प्लग काढून आधी मला फोन करायचा. एकदाच होतं ती तुमचीच वीज आहे. तुम्ही बनवली."

"मी काय बनवते? मी तर नुसती बसलेली असते."

"काऊन नाही? पॉलिस्टरची साडी, फोमचा सोफा, नायलॉनचा गालिचा, वरून एसीची कोरडी हवा. तुम्ही हलल्या की घासलं, घासलं की वीज अंगावर बसली. पावसाळ्यात हवेतच पाणी असतं, तेव्हा ती आपोआप निघून जाते. आत्ता तिला जायला वाट नाही, म्हणून बटणाला हात लावला की तिथून पळते. तुमच्या बोटाला चिमटा, त्याचं काही नाही. पण आतल्या चिपला तेवढ्याने मरण येतं."

मग त्यांनी गालिचा गुंडाळून सोफ्यामागे उभा केला आणि सुती सतरंजी आणा म्हणाले. एसी चालू असेल तेव्हा खोलीत ओला पंचा वाळत टाका. यंत्रावरची धूळ फराफरा कोरड्या फडक्याने पुसू नका, सुती फडकं किंचित ओलं करून, प्लग काढून, हळू पुसा. उठल्या उठल्या बटणाला बोट लावू नका. आधी गज धरा, गज लांब असेल तर हातात किल्ली धरून ती गजाला किंवा दाराच्या लोखंडी कडीला टेकवा, म्हणजे चिमटा किल्लीला बसतो, तुम्हाला नाही. पेनड्राइव्ह, हेडफोन लावताना प्लास्टिकच्या बाजूने धरा, लोखंडी टोकाला बोट नको. आणि किरणने बोर्डात बसत नाही म्हणून प्लगची अर्थिंगची जाडी पिन कापून टाकली होती, ती पाहून मात्र ते पहिल्यांदा रागावले. पंचवीस वर्षांच्या माझ्या मुलाला त्यांनी पाच मिनिटं उभं करून ऐकवलं, आणि मी स्वयंपाकघरातून ऐकत समाधानाने पोहे परतत होते.

दुरुस्तीचं काही नव्हतंच, म्हणून पैसे घेतले नाहीत. पोहे खाल्ले आणि गेले. असा माणूस.

त्यांची बायको पुतळाबाई. अंगणवाडीत मदतनीस होती आणि आमच्या मंडळाच्या गाण्याच्या पार्टीत माझ्या शेजारी बसायची, बावीस वर्षं. माझा आवाज म्हणजे वर्गात ओरडून ओरडून घासलेला, मी आपली घोळक्यात खपून जायची. पुतळा एकटी म्हणायची ती एक ओवी. तिच्या आईने जात्यावर रचलेली.

कापसाची वात, माझ्या दिव्याला पुरली
लेकीच्या पाटीवर गं, अक्षरं उमटली

एवढंच, दोन ओळी. पण 'अक्षरं' या शब्दावर तिचा आवाज वर जायचा. गाणाऱ्या बाया वर जातात तसा जोर लावून नाही. आपण जिना चढताना एखादी पायरी जास्त आहे समजून पाय उचलतो ना, तसा तो आवाज अलगद उचलला जायचा आणि तिथे थांबायचा. मी स्वतः अक्षरं शिकवण्यात आयुष्य घातलं, पण त्या शब्दाला इतका मान मी कधी दिला नाही. विहारात बसलेल्या म्हाताऱ्या बाया त्या ठिकाणी हमखास पदर डोळ्याला लावायच्या.

नवऱ्याची थट्टा करण्यात तर ती पहिल्या नंबरची. एकदा तालमीत बाया नवऱ्यांविषयी काहीबाही बोलत होत्या, तर ही म्हणाली, "आमच्या ह्यांचं काय विचारता? मला हात लावायच्या आधी पण गज धरतात." आम्ही हसून हसून लोळलो. बाहेर बळवंतराव माइकची वायर जोडत होते, त्यांनी ऐकलं. कानाच्या पाळ्या लाल झाल्या, पण वायर सोडली नाही.

पुतळाची एक खोड होती. माइक पुढे आला किंवा कोणी रेकॉर्ड करतंय असं दिसलं की तिचा घसा बसायचा. ओवी कधीही म्हणायची, पण साध्या तोंडाने. ज्या माणसाने जन्मभर लोकांचे आवाज दुरुस्त केले, त्याच्याकडे स्वतःच्या बायकोचा आवाज नव्हता. शेवटी त्यांनी युक्ती केली. एका दुपारी ती स्वयंपाकघरात वाती वळत एकटीच ओवी म्हणत होती, तेव्हा पडद्यामागे माइक सोडून त्यांनी ती कॅसेटवर घेतली. चार मिनिटं. पुन्हा पुन्हा म्हटलेल्या त्याच दोन ओळी, मध्ये कुकरची एक शिट्टी. तिला कळलं तेव्हा दोन दिवस ती त्यांच्याशी बोलली नाही.

आठेक वर्षांपूर्वी फेब्रुवारीत पुतळा गेली. कावीळ म्हणता म्हणता यकृतच गेलं होतं. अठरा दिवसांत सगळं आटोपलं.

ती गेल्यावर बळवंतरावांनी ती कॅसेट काढली. मुंबईची दमट हवा, कॅसेटच्या फितीला पांढरी बुरशी धरली होती. त्यांनी तीन दिवस बसून फीत सुती कपड्याने वीत वीत पुसली आणि एकदाच चालवून पेनड्राइव्हवर उतरवून घेतली. दुसऱ्यांदा चालवायला गेले तर फितीवरचा थर सुटून हातात आला. म्हणजे आता राहिला तो फक्त पेनड्राइव्ह.

तुम्ही म्हणाल, मग दुसरी प्रत का नाही केली? मीही म्हटलं होतं. "बळवंतराव, मला मोबाइलवर पाठवा ना." तर ते म्हणाले, "नाही बाई. मोबाइलवर पाठवला की आवाज दाबला जातो, तिचं ते वर जाणं चेपून जाईल." आणि पुढे म्हणाले, "आणि तिला आवडायचं नाही, ह्या ग्रुपवरून त्या ग्रुपवर." त्यांच्या मुलाचं, प्रज्योतचं, दर महिन्याला चाललेलं असायचं की पप्पा, मी कॉम्प्युटरवर नीट उतरवून ठेवतो. रविवारी करू. मग पुढच्या रविवारी करू. प्रज्योत वाईट मुलगा नाही. आपल्या सगळ्यांच्या घरी अशी कामं असतात, आणि ती राहतात, कारण वस्तू समोर सुखरूप दिसत असते.

दर वर्षी पुतळाच्या स्मृतिदिनाला विहारात वंदना व्हायची, आणि वंदनेनंतर बळवंतराव ती ओवी लावायचे. स्वतःचा ॲम्प्लिफायर, स्वतःचे स्पीकर घरून उचलून आणायचे. मोबाइल बंद करा म्हणून सगळ्यांना हात जोडायचे. पाच वर्षं असं झालं. मला त्या चार मिनिटांची वर्षभर ओढ असायची, खरं सांगते. डोळे मिटले की माझ्या डाव्या खांद्याला पुतळाचा खांदा लागायचा.

आता ते कार्पेट.

त्या वर्षी एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ विहाराला एसी दिला. एसी आला म्हणून खिडक्यांना आतून सरकत्या काचा बसवल्या. मग मंडळाच्या बैठकीत मी म्हटलं, आता सतरंज्याही बदलू, मस्त जाड निळं कार्पेट घालू. बळवंतराव कोपऱ्यात बसले होते. म्हणाले, "बाई, सुतीच राहू द्या. एसीत नायलॉन बरं नाही. सारखं चट् चट् होईल."

आणि मी चिडले. मला कशाचा राग आला तेही सांगते. आमच्या बाया चाळीस वर्षं त्या झिजलेल्या सतरंज्यांवर बसल्या, खालच्या फरशीने त्यांचे गुडघे गेले. याच बाया मुलुंडच्या टॉवरांमध्ये दुसऱ्यांची कार्पेटं झाडतात. त्यांनी आपल्या विहारात कार्पेटवर बसू नये? मी भर बैठकीत म्हणाले, "बळवंतराव, जगात सगळं तुमच्या गजावर चालत नाही. थोडं चट् झालं तर आमच्या बाया मरत नाहीत." सगळे हसले. तेही हसले. म्हणाले, "हाव, ते खरं आहे. बसायला चांगलंच होईल."

कार्पेट आलं. बाया त्यावर हात फिरवून बघत होत्या. मला फार बरं वाटलं होतं.

स्मृतिदिन रविवारी होता, सकाळी अकराला. फेब्रुवारीचा तो कोरडा आठवडा, ओठ फुटत होते. बळवंतरावांच्या अंगावर नवा पांढरा शर्ट आणि पांढरी पँट होती, चकचकीत, इस्त्री न लागणाऱ्या कापडाची. एरवी ते खादीच्या सदऱ्याशिवाय दिसायचे नाहीत. त्यांच्या सुनेने, नमिताने, आपल्या पगारातून हौसेने आणले होते. "पप्पा, आईच्या दिवसाला तरी चुरगळलेलं नको," म्हणाली होती. तिचं मन मोडायचं नाही म्हणून त्यांनी घातले.

त्यांनी नेहमीसारखी मांडणी केली. मूर्तीच्या डाव्या बाजूला टेबल, टेबलावर ॲम्प्लिफायर, त्याला पेनड्राइव्ह लावायचं यंत्र. लाकडी टेबल, प्लास्टिकच्या खुर्च्या. मांडणी झाल्यावर खिडकीकडे बघितलं. गज काचेच्या पलीकडे होते. मी बघितलं त्यांना बघताना. आणि मी काही बोलले नाही, कारण मला वाटलं, झालं यांचं सुरू.

भंतेजींनी त्रिसरण-पंचशील दिलं. मग वंदना झाली. मग घरच्यांनी पुढे येऊन पंचांग प्रणाम करायचा, तीन वेळा. पंचांग प्रणाम म्हणजे गुडघे, तळवे आणि कपाळ, पाचही जमिनीला. बळवंतराव सत्तरीला आलेले. गुडघ्यांवर बसले, त्या निळ्या नायलॉनवर पांढरी पॉलिस्टरची पँट घासत वाकले, उठले. पुन्हा वाकले. तिसऱ्यांदा वाकले तेव्हा कपाळ टेकून जरा जास्त वेळ राहिले, त्यांची पाठ हलत होती. प्रज्योतने हात देऊन उठवलं. डोळे पुसायलाही न थांबता ते तसेच टेबलाकडे गेले, कारण भंतेजी वाट बघत होते, सगळे वाट बघत होते. खिशातून रुमालाची घडी काढली, घडीतून पेनड्राइव्ह. टोपण काढलं. डोळ्यांत पाणी, चष्मा खिशात. यंत्राचं भोक चाचपायला त्यांनी बोट पुढे केलं, त्या बोटाखाली पेनड्राइव्हचं लोखंडी टोक होतं.

चट्.

मागच्या रांगेपर्यंत ऐकू आलं. आणि विहारातली माणसं हसली. गजवाल्या काकांनाच बसला, म्हणून हसली. माणसं वाईट नव्हती, रडून झाल्यावर हसायला काहीतरी हवं असतं. मीही हसले. हे मी लिहून ठेवतेय, कारण ते झालेलं आहे.

बळवंतराव हसले नाहीत. ते बोटाकडे बघत होते. मग पेनड्राइव्ह प्लास्टिकच्या बाजूने नीट धरून लावला. बटण दाबलं. यंत्राचा दिवा लागला आणि काहीच आलं नाही. काढला, पुन्हा लावला. यंत्र बदललं, कुणाच्या तरी गाडीतून दुसरं आणलं. लॅपटॉप आला. कशालाही तो पेनड्राइव्ह दिसेना. वीस मिनिटं सगळे बसून होते. एसीचा आवाज तेवढा येत होता. शेवटी त्यांनी पेनड्राइव्ह रुमालात गुंडाळला, वळले, आणि लोकांसमोर हात जोडून म्हणाले, "माफ करा. माझ्या हातून गेली."

आवाज गेला म्हणाले नाहीत. गेली म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी आणि प्रज्योत त्यांना घेऊन अंधेरीला गेलो. बिघडलेल्या पेनड्राइव्हमधून माहिती काढून देतात असं एक ऑफिस आहे तिथे. काचेच्या पलीकडे एक मुलगी कामाला बसली होती आणि तिच्या मनगटाला पट्टा होता, पट्ट्याला वायर. बळवंतराव सगळा वेळ तिच्या मनगटाकडे बघत होते. मी म्हटलं, "बसा ना." तर म्हणाले, "आमचाही असाच होता, बाई. काळा."

आठवड्याने फोन आला. ज्या चिपवर साठवलेलं असतं तीच जळलेली, काही निघणार नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी दाखवलं, तेच उत्तर. मग मी घरोघर फिरले. गेल्या पाच वर्षांत कोणी चोरून मोबाइलवर घेतलं असेल, अशी मला आशा होती. चोरीचं कोणी कबूल करेना, म्हणून मी हात जोडले, मी, तायडे बाई. एका बाईकडे सापडलं. सात सेकंद. त्यात तिचं तान्हं बाळ रडतंय आणि मागे कुठेतरी, पंख्याच्या आवाजाखाली, एक बाई काहीतरी म्हणतेय. मी ते बळवंतरावांना ऐकवलं. ते दोन-तीनदा कान लावून ऐकत राहिले आणि म्हणाले, "बाळ छान आहे."

मी कार्पेट काढायला माणसं बोलावली. रोल करून भंगारात देणार होते, कोणाची हिंमत होती मला अडवायची. बळवंतराव चालत आले आणि दारात उभे राहिले. "काढू नका बाई. बायांचे गुडघे दुखतात." मी त्यांना म्हटलं, मला शिव्या द्या, तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही, मला काहीतरी बोला. ते म्हणाले, "तुम्हाला काय बोलू? तुम्हाला माहीत नव्हतं. मला माहीत होतं." आणि माणसांना परत पाठवून दिलं. ते कार्पेट अजून विहारात आहे. मी त्यावर बसत नाही, कडेला फरशीवर बसते.

त्यानंतर त्यांनी दुकान उघडलं नाही. लोक बोलवायला यायचे तर म्हणायचे, माझा हात आता बरोबर नाही.

दोनेक महिने गेले असतील. एका रविवारी वंदना झाली, माणसं पांगली, आणि ते माझ्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "बाई, एक विचारू? मला तिचा आवाज आठवत नाही."

मी त्यांच्याकडे वळून बसले.

"चेहरा आठवतो. बोलायची ते आठवतं, पण माझ्याच आवाजात आठवतं. ओवीचे शब्द पाठ आहेत. आवाज येत नाही." ते फरशीवर बोटाने रेघा ओढत होते. "तो त्या पेनड्राइव्हवर होता ना. म्हणून मी डोक्यात ठेवलाच नाही. तिथे आहे, म्हणून निश्चिंत होतो."

मग म्हणाले, "तुम्ही बावीस वर्षं तिच्या शेजारी बसल्या. तुम्ही म्हणून दाखवाल का?"

माझा आवाज त्यांना माहीत होता. ज्या माणसाला स्पीकरचा कागद केसभर फाटला तरी ऐकू येतं, तो मला म्हणत होता गाऊन दाखवा. मी ओवी म्हटली. कापसाची वात माझ्या दिव्याला पुरली. 'अक्षरं'वर वर जायचा प्रयत्न केला, तर आवाज चिरकला. त्यांनी मान हलवली. "नाही. अशी नव्हती." रागाने नाही, एखादा स्क्रू बसत नसला की म्हणतात तसं. "ती वर जायची तिथे. तुम्ही गेल्या, पण तसं नाही."

"मग कसं?"

"ते सांगता येत नाही. पण हे नाही."

तेव्हापासून दर रविवारी. सगळे गेले की ते येऊन बसायचे आणि मी म्हणायची. मी घरी सराव करू लागले. साठी उलटून गेल्यावर, गॅसपाशी, आंघोळ करताना, किरण वैतागेपर्यंत. शेजारच्या इमारतीतल्या दर्शनाकडे, ती मुलींना गाणं शिकवते, तिच्याकडे जाऊन सूर कसा उचलायचा ते शिकले. कधी वाटायचं, आज जमलं. ते डोळे मिटून ऐकायचे आणि डोळे उघडून म्हणायचे, "नाही बाई." कधी म्हणायचे, "पहिली ओळ थोडी जवळ आली. 'अक्षरं' नाही."

मला त्याचं वाईट वाटत नव्हतं. उलट ते 'नाही' ऐकायला मी जायची. ते नाही म्हणतात म्हणजे त्यांच्या आत कुठेतरी खरी ओवी अजून आहे. आठवत नसेल, पण आहे. नाहीतर माझी चुकली हे त्यांना कळलं कशावरून असतं? जोवर त्यांना माझं खोटं कळतंय तोवर मी सगळं नासवलेलं नाही, असं मी स्वतःला सांगत असे. दीड वर्ष मी त्या एका शब्दावर काढलं.

गेल्या महिन्यात मला सर्दी झाली होती. घसा पार बसलेला. जाऊ नये असं वाटत होतं, पण ते वाट बघतील म्हणून गेले. सगळे गेल्यावर ते येऊन बसले, खादीचा सदरा, हातात हात गुंफून. मी म्हटलं, आज नको, आवाजच नाही. ते म्हणाले, जमेल तशी. मग मी आपली जवळजवळ बोलल्यासारखी ती म्हटली, सरळ, एका पट्टीत, कशीबशी दोन ओळी संपवल्या.

बळवंतरावांनी डोळे उघडले. त्यांचा चेहरा मी इतक्या दिवसांत असा पाहिला नव्हता, एकदम मोकळा.

"हाव बाई," ते म्हणाले. "अशीच. अगदी अशीच म्हणायची ती."

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले, कधी नव्हे ते, आणि किती वेळ म्हणत राहिले, अशीच, बाई, अशीच. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. मग चपला घालून, जय भीम करून, हळूहळू घरी गेले. मी फरशीवर तशीच बसून राहिले. 'अक्षरं'वर मी वर गेलेच नव्हते, आणि ते मला त्यांना सांगता आलं नाही.